मैदानावरचे मन : फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना सावरायला कसे शिकवावे?

११ जुलै २०२१. लंडनच्या वेम्बली मैदानावर युरो स्पर्धेचा अंतिम सामना सुरू होता. इंग्लंड आणि इटली १-१ अशा बरोबरीत होते आणि निकाल पेनल्टीवर लागायचा होता. इंग्लंडची पाचवी, म्हणजे शेवटची पेनल्टी बुकायो साका या मुलाच्या वाट्याला आली. त्याचे वय १९ वर्षे. त्याने मारलेला चेंडू इटलीचा गोलरक्षक डोनारुम्मा याने अडवला आणि इंग्लंड हरले. त्याच्याआधी रॅशफर्डचा चेंडू खांबाला लागला होता आणि सँचोचा अडवला गेला होता. त्या रात्री या तिघांवर समाजमाध्यमांतून वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला.

आता तीन वर्षे पुढे येऊ. ६ जुलै २०२४, जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ. युरो स्पर्धेचीच उपान्त्यपूर्व फेरी, समोर स्वित्झर्लंड. इंग्लंड एका गोलने मागे आणि सामना संपायला दहा मिनिटे उरलेली. बरोबरीचा गोल केला साकाने. सामना पुन्हा पेनल्टीवर गेला. साका पुन्हा पेनल्टी मारायला पुढे आला आणि या वेळी त्याने गोल केला. इंग्लंड जिंकले.

या तीन वर्षांत त्या मुलाच्या मनात काय काय झाले असेल, ते त्याचे त्यालाच ठाऊक. पण त्याच्या आजूबाजूला काय झाले ते सर्वांनी पाहिले. प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी त्याला मैदानातच कवेत घेतले. पेनल्टी कोणी मारायच्या हे आपण ठरवले होते, तेव्हा जबाबदारी आपली, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. आर्सेनल या त्याच्या क्लबमध्ये लोकांनी धीराची पत्रे पाठवली आणि क्लबने ती भिंतभर लावून त्याला दाखवली. पुढच्याच हंगामात, एप्रिल २०२२ मध्ये, चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेड या तगड्या संघांविरुद्ध क्लबची पेनल्टी त्यानेच मारली आणि दोन्ही वेळा गोल केला. ज्या जागी पडला तिथूनच त्याला पुन्हा उभे राहू दिले गेले.

आज आपल्या वस्त्यावस्त्यांतून मुले फुटबॉल खेळतात. शाळेच्या संघात आहेत, क्लबमध्ये आहेत, सुट्टीच्या दिवशी पहाटे बूट पिशवीत घालून निघतात. त्यांना धावायला, पास द्यायला, हेडर मारायला शिकवणारे कोणी ना कोणी भेटते. पण गोल हुकल्यावर, संघातून नाव वगळल्यावर, प्रेक्षकांतून शिवी आल्यावर मनाला कसे सावरायचे, हे शिकवणारे फार थोडे. हा लेख त्यासाठी आहे. मुलांसाठी आहेच, पण त्याहून अधिक त्यांच्या अम्मी-अब्बूंसाठी आणि त्यांच्या प्रशिक्षकांसाठी आहे.

मजबूत मन म्हणजे दगडी मन नव्हे

“मर्द हो, रोता क्यूं है?” हे वाक्य हरलेल्या मुलांच्या कानावर हमखास पडते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. मुलगा मात्र त्यातून एवढेच शिकतो की दुःख झाले तरी ते दिसू द्यायचे नाही. दुःख आत राहते आणि पुढच्या सामन्यात भीती होऊन पायात येते.

मोहम्मद सालाहसारखा खेळाडूही रडला आहे आणि ते जगाने पाहिले आहे. २६ मे २०१८ रोजी कीव्ह येथे चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. लिव्हरपूलसमोर रेआल माद्रिद होते. पहिल्या अर्ध्यातच सालाहच्या खांद्याला दुखापत झाली आणि तो डोळे पुसत मैदानाबाहेर गेला. लिव्हरपूल हरले. सुमारे एक वर्षाने, १ जून २०१९ रोजी, माद्रिद शहरात लिव्हरपूल पुन्हा त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उतरले. दुसऱ्याच मिनिटाला पेनल्टी मिळाली. सालाहने ती मारली, गोल झाला आणि लिव्हरपूलने चषक जिंकला. आदल्या वर्षी डोळ्यांत पाणी आले म्हणून त्याची हिंमत कमी झाली नव्हती.

मनाची मजबुती म्हणजे लागणे बंद होणे नव्हे. लागल्यावर किती वेळात परत कामाला लागतो, ही ती गोष्ट आहे. काही मुलांना ते लवकर जमते, काहींना वेळ लागतो. पण हा जन्मजात गुण आहे आणि तो एखाद्यात असतो किंवा नसतो, असे समजू नये. डाव्या पायाने मारण्यासारखेच तेही सरावाने येते.

चुकीनंतरची पहिली दहा सेकंदे

फुटबॉल हा चुकांचा खेळ आहे. उत्तमातला उत्तम खेळाडूही एका सामन्यात कितीतरी पास चुकवतो. म्हणून चूक होऊच नये अशी अपेक्षा मुलाकडून करणे व्यर्थ आहे. चुकीनंतर लगेच काय करायचे, ते मात्र शिकवता येते.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी आफ्रिका चषकाचा अंतिम सामना सेनेगल आणि इजिप्त यांच्यात झाला. सातव्याच मिनिटाला सेनेगलला पेनल्टी मिळाली. सादियो माने याने मारलेला चेंडू इजिप्तच्या गोलरक्षकाने अडवला. सेनेगलने तोपर्यंत हा चषक एकदाही जिंकला नव्हता आणि सारा देश ज्याच्याकडे डोळे लावून बसला होता त्याच्याच हातून संधी गेली होती. त्यानंतर माने दोन तास खेळत राहिला. जादा वेळेतही गोल झाला नाही. शेवटी पेनल्टीवर निकाल लागताना विजयाची निर्णायक पेनल्टी मारायला तोच आला, आणि त्याने गोल केला. सेनेगलला पहिला आफ्रिका चषक मिळाला.

सातव्या मिनिटाची चूक मानेने विसाव्या, पन्नासाव्या मिनिटापर्यंत डोक्यात घोळवत ठेवली असती तर शेवटची पेनल्टी मारायला तो पुढे येऊ शकला नसता. मुलांना यासाठी एक साधी सवय लावता येते. चूक झाली की तीन गोष्टी करायच्या. एक, श्वास सावकाश आणि पूर्ण सोडायचा. दोन, शरीराने काही तरी ठरावीक करायचे, म्हणजे मोजे वर ओढायचे किंवा दोन्ही हात झटकायचे. तीन, स्वतःला एक छोटा शब्द सांगायचा आणि तो पुढच्या कामाचा असावा: “मागे ये”, “माणूस धर”, “पास दे”. “मी गाढव आहे” हा शब्द चालणार नाही. ही सवय सामन्यात आपोआप येत नाही. ती सरावात लावावी लागते. प्रशिक्षकांनी सरावाच्या वेळी चूक झाल्यावर शिटी वाजवून खेळ थांबवण्याऐवजी “आता पुढे काय?” असे विचारले तर महिन्याभरात मुलांच्या वागण्यात फरक दिसू लागतो.

चुकीनंतरची सेकंदे जशी घातक, तशीच यशानंतरचीही. आपल्या देशाला याचा अनुभव आहे. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील मैदानही त्यात होते. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला जीक्सन सिंगने हेडर मारून गोल केला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा तो पहिलाच गोल. सारे मैदान उसळले. आणि मिनिटभरातच कोलंबियाने गोल करून पुन्हा आघाडी घेतली. भारत १-२ असा हरला. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. एवढ्या आनंदात लगेच जागेवर येणे मोठ्यांनाही जमत नाही. पण म्हणूनच गोल केल्यानंतर पुन्हा जागा पकडण्याचाही सराव करून घ्यायला हवा. त्या स्पर्धेत भारताने तिन्ही सामने गमावले, पण त्यातली अनेक मुले थांबली नाहीत. जीक्सन पुढे भारताच्या मोठ्या संघातून खेळला, तर अनिकेत इंडियन सुपर लीगमध्ये पोहोचला.

पेनल्टी हा नशिबाचा खेळ नाही

पेनल्टी म्हणजे लॉटरी, असे म्हणण्याची पद्धत आहे. इंग्लंडमध्येही अनेक वर्षे तसेच म्हणत आणि तिथला संघ वारंवार पेनल्टीवर हरत असे. १९९६ च्या युरो स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात जर्मनीविरुद्ध ज्याची पेनल्टी अडवली गेली, तो खेळाडू होता गॅरेथ साउथगेट. वीस वर्षांनी तोच इंग्लंडचा प्रशिक्षक झाला आणि त्याने नशिबावर बोट ठेवणे बंद केले.

नॉर्वेचे संशोधक गेइर योर्देट यांनी मोठ्या स्पर्धांतील पेनल्टींच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या आहेत. त्यांना असे आढळले की पंचांची शिटी वाजल्याबरोबर घाईने धावत सुटणारे खेळाडू अधिक वेळा चुकतात. ताण असह्य होतो आणि “एकदाचे होऊन जाऊ दे” असे वाटते, म्हणून ही घाई. इंग्लंडचे खेळाडू या घाईत सर्वांत पुढे होते. २०१८ च्या विश्वचषकाआधी साउथगेटच्या संघाने याच गोष्टींवर काम केले. संघासोबत पिपा ग्रेंज या मानसशास्त्रज्ञ होत्या. खेळाडूंनी सावकाश मारायचे, श्वास घ्यायचा, आपली ठरलेली पद्धत मोडायची नाही, असे ठरले. त्या स्पर्धेत इंग्लंडने कोलंबियाला पेनल्टीवर हरवले. विश्वचषकात पेनल्टीवर मिळालेला इंग्लंडचा तो पहिला विजय. पुढे २०२१ मध्ये हाच संघ वेम्बलीवर हरला, हेही खरे. तयारीने विजयाची हमी मिळत नाही, शक्यता वाढते.

ताणाखाली शरीरात काय होते ते मुलांना सोप्या भाषेत सांगावे. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, पायाचे स्नायू आखडतात, नजर एकाच ठिकाणी खिळते. मुलाला वाटते, “मी घाबरलो, म्हणजे मी कमजोर आहे.” त्याला सांगावे की हे शरीर तुला कामासाठी तयार करते आहे. ते सर्वांना होते, सालाहलाही होते. त्यावर हाताशी असलेला उपाय म्हणजे श्वास. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सोडावा. श्वास सावकाश सोडला की हृदयाची गती उतरते. पाच-सहा वेळा केले तरी फरक कळतो. परीक्षेच्या पेपरआधीही हाच उपाय चालतो.

सरावात पेनल्टी कशा मारून घ्यायच्या? बहुतेक ठिकाणी मुले सरावानंतर हसतखेळत दहा-बारा पेनल्टी मारतात आणि घरी जातात. सामन्यात तसे नसते. म्हणून मुले दमलेली असताना, मधल्या रेषेपासून एकट्याने चालत येऊन, सर्वांच्या नजरा आपल्यावर असताना, एकच पेनल्टी मारायला लावावी. चेंडू स्वतः ठेवायचा, मागे यायचे, शिटी ऐकायची, एक श्वास घ्यायचा, मग धावायचे. दर वेळी हाच क्रम. गोल झाला की नाही याहून क्रम पाळला की नाही हे प्रशिक्षकाने पाहावे.

हातात काय आहे, काय नाही

सालाहची बसची गोष्ट मुलांना ठाऊक असते. इजिप्तमधील नग्रीग हे त्याचे गाव. चौदाव्या वर्षी त्याला कैरोच्या अल मुकाउलून या क्लबमध्ये जागा मिळाली. गावाहून सरावाला पोहोचायला तीन-चार बस बदलाव्या लागत आणि एका वेळच्या प्रवासात चार तासांहून जास्त वेळ जाई. आठवड्यातले बहुतेक दिवस हा प्रवास असे. शाळेतून परवानगी घेऊन तो लवकर निघे आणि रात्री उशिरा घरी पोहोचे.

ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती बहुधा “बघ, मेहनत केली की फळ मिळते” एवढ्यासाठी. पण पुढचा भाग सांगायचा राहून जातो. मेहनत करूनही २०१४ मध्ये चेल्सीत गेल्यावर त्याला खेळायलाच फारसे मिळाले नाही. इटलीत फिओरेंतिना आणि मग रोमाकडून खेळून त्याला पुन्हा आपली जागा करावी लागली. २०१७ मध्ये तो लिव्हरपूलकडून इंग्लंडमध्ये परतला आणि पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये ३२ गोल केले. ऑक्टोबर २०१७ मध्ये काँगोविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी पेनल्टीवर गोल करून त्याने इजिप्तला १९९० नंतर प्रथमच विश्वचषकात नेले. आणि त्याच सालाहने मार्च २०२२ मध्ये सेनेगलविरुद्ध, डोळ्यांवर लेसरचे हिरवे झोत पडत असताना, पेनल्टी गोलाच्या वरून मारली. इजिप्त त्या विश्वचषकाला मुकले.

मेहनत त्याच्या हातात होती. कोणत्या प्रशिक्षकाने खेळवायचे, लेसर कोणी मारायचा, हे त्याच्या हातात नव्हते. ज्याला आपण सब्र म्हणतो तो हात जोडून बसून राहण्याचा नसतो. आपल्या हातातले काम चालू ठेवून बाकीची वाट पाहण्याचा असतो. सामन्याच्या आदल्या रात्री मुलाला कागदावर दोन रकाने करायला सांगावे. एकात स्वतःच्या हातातल्या गोष्टी: वेळेवर झोप, बूट तयार ठेवणे, धावणे, साथीदाराला आवाज देणे, चेंडू गेला की परत मागे येणे. दुसऱ्यात हातात नसलेल्या: पंच, पाऊस, मैदानातले खड्डे, समोरच्याची उंची, प्रेक्षकांचा गोंगाट. मग दुसरा रकाना घडी घालून बाजूला ठेवावा. आणि ध्येय ठरवताना “उद्या दोन गोल मारीन” असे न ठरवता “उद्या प्रत्येक वेळी चेंडू येण्याआधी मान वळवून पाहीन” असे ठरवावे. पहिले इतरांवरही अवलंबून आहे, दुसरे सर्वस्वी त्याच्यावर.

झोपेचाही इथे संबंध आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. रात्री एकपर्यंत मोबाईलवर सामन्यांच्या चित्रफिती पाहणारा मुलगा सकाळी चिडचिडा होतो, लहानशा धक्क्याने भडकतो आणि आपण त्याला “डोक्याने कच्चा” म्हणतो. त्याला आधी झोपू द्यावे.

रमजानच्या दिवसांत तर हे नियोजन अधिक लागते. रोजा ठेवणाऱ्या मुलाने प्रशिक्षकांना आधीच सांगावे, म्हणजे दमवणारा सराव इफ्तारनंतर घेता येतो. इफ्तार ते सहरी या वेळात पाणी थोडे थोडे करून पुरेसे प्यावे, तुटलेली झोप दुपारी भरून काढावी आणि चक्कर आल्यास सराव लगेच थांबवावा. हे सांगण्यात संकोच कसला? एप्रिल २०२१ मध्ये लिस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात रोजेदार खेळाडूंना रोजा सोडता यावा म्हणून खेळ काही क्षण थांबवण्यात आला होता. दोन्ही संघांनी ते आधीच ठरवले होते.

परतीच्या वाटेवर

मुलाच्या मनावर सर्वांत खोल परिणाम कोण करते? बहुतेक वेळा प्रशिक्षक नव्हे, प्रेक्षक नव्हे, तर घर. त्यातही सामन्यानंतर घरी परततानाचा अर्धा तास. मुलगा स्कूटरवर मागे बसलेला असतो. हरलेला, दमलेला. आणि अब्बू सुरू होतात: “त्या वेळी पास का नाही दिलास? तो शेजारचा बघ कसा खेळतो. एवढे पैसे बुटांवर घातले...” त्यांचे म्हणणे चूक असेलच असे नाही. वेळ मात्र चुकीची असते. त्या वेळी मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही. फक्त एक गोष्ट शिरते: मी जिंकलो तरच घरात माझी किंमत आहे.

अशा मुलाच्या पायावर पुढच्या सामन्यात दोन ओझी असतात, चेंडूचे आणि घराचे. मग तो अवघड पास देतच नाही, कारण चुकला तर घरी ऐकावे लागेल. खेळातली हिंमत संपते ती अशी.

त्या अर्ध्या तासात काय बोलावे? फार काही नाही. “तुला खेळताना पाहायला मला आवडते,” एवढे पुरे. भूक लागली का विचारावे. खेळाबद्दल बोलायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी, मुलाने विषय काढला तर. मग विचारावे, आज काय चांगले जमले? काय अवघड गेले? पुढच्या वेळी काय वेगळे करशील? उत्तर त्याला शोधू द्यावे. अम्मी, दादी, मोठा भाई, सर्वांनी हाच सूर ठेवावा. भावंडांशी तुलना टाळावी. मामूंनी किंवा चाचांनी दावतीत सर्वांसमोर “काय रे, परवा गोल सोडलास म्हणे” अशी थट्टा केली तर आई-वडिलांनी विषय बदलावा. मुलगा हसतो, पण ते त्याला लागलेले असते.

मुलींना तर आणखी एक वजन उचलावे लागते. “मुलीने हा खेळ खेळावा का?” या प्रश्नाचे उत्तर तिला रोज द्यावे लागते. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोचा संघ प्रथमच उतरला होता. पहिल्याच सामन्यात जर्मनीने त्यांना ६-० असे हरवले. सहा दिवसांनी, ३० जुलैला, दक्षिण कोरियाविरुद्ध बचावफळीत नुहैला बेन्झिना उभी होती. डोक्यावर हिजाब. महिलांच्या विश्वचषकात हिजाब घालून खेळणारी ती पहिली खेळाडू ठरली. २०१४ पर्यंत फुटबॉलच्या नियमांनी त्याला बंदी होती. मोरोक्कोने तो सामना १-० असा जिंकला, नंतर कोलंबियालाही हरवले आणि बाद फेरी गाठली. सहा गोल खाल्लेला संघ एका आठवड्यात असा उभा राहू शकतो, हे घरातल्या मुलीला जरूर सांगावे. मुलालाही सांगावे.

रहीमसाहेबांचा संघ

प्रशिक्षकाने मुलांचे मन कसे घडवावे याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम मूळचे शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे चिरडले. तिथून रहीमसाहेबांनी संघ पुन्हा बांधला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला. १० गोल खाल्ल्यापासून चौथ्या क्रमांकापर्यंत चार वर्षे लागली.

१९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांची खरी कसोटी लागली. ते स्वतः कर्करोगाने आजारी होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. स्पर्धेतील एका राजकीय वादामुळे तिथले प्रेक्षक भारतीय खेळाडूंवर संतापलेले होते. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा तोच दक्षिण कोरिया समोर आला. सुमारे एक लाख लोक भारताविरुद्ध ओरडत होते. रहीमसाहेबांनी मूळच्या बचावपटू जर्नेल सिंगला पुढे आक्रमणात खेळवले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी पहिल्या वीस मिनिटांतच गोल केले आणि भारत २-१ असा जिंकला. पुढच्या वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब वारले. फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेले नाही.

पहिल्या पराभवानंतर रहीमसाहेबांनी खेळाडू टाकून दिले नाहीत. कोणाची जागा कुठे, याचा नव्याने विचार केला. आपल्या मोहल्ल्यातल्या प्रशिक्षकांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पेनल्टी चुकवलेल्या मुलाला पुढच्या सामन्यात बसवून ठेवले तर सारा संघ शिकतो की चुकीची शिक्षा मिळते. मग कोणीच पेनल्टी मारायला पुढे येत नाही. कोल्हापुरात तालीम मंडळांचे सामने शाहू स्टेडियमवर होतात तेव्हा कोवळ्या वयाच्या मुलांनाही पेठेपेठेच्या पाठीराख्यांच्या गर्दीत खेळावे लागते. अशा वेळी प्रशिक्षकाचा आवाज शांत असला तर मुलाला धरायला काही तरी मिळते. तोच गर्दीसारखा ओरडू लागला तर मूल मैदानात एकटे पडते.

सहन करणे वेगळे, लपवणे वेगळे

त्या जकार्ताच्या सामन्यात जर्नेल सिंग डोक्याला टाके असताना खेळला होता. त्याच्या धैर्याला सलाम. पण आजच्या मुलांना ते उदाहरण अनुकरणासाठी देऊ नये. डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळले, ओकारी आली, डोके दुखू लागले किंवा प्रकाश सहन होईना, तर त्याला लगेच बाहेर घ्यावे, डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी सांगितल्याशिवाय मैदानात उतरवू नये. दुखणे सांगणारा मुलगा भित्रा नसतो. सांगण्यासाठीही हिंमत लागते.

मनाच्या दुखण्याचेही तसेच. पराभवानंतर दोन-चार दिवस मन उदास राहणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे उलटूनही मूल नीट झोपत नाही, जेवत नाही, मित्रांना टाळते, आवडीच्या गोष्टींत लक्ष घालत नाही किंवा जगण्यात अर्थ नाही असे काही बोलते, तर “नाटक करतो” म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. मुलाला क्लबमध्ये कोणी मारत असेल, अपमान करत असेल किंवा नको तसा स्पर्श करत असेल, तर ते सोसणे ही मजबुती नव्हे. “असे काही झाले तर आम्हाला सांग, आम्ही तुझ्यावर रागावणार नाही,” हे वाक्य घरात एकदा तरी स्पष्ट बोललेले असावे.

नाव यादीत नसेल तेव्हा

निवड चाचणीला शंभर मुले जातात आणि अठरा-वीस निवडली जातात. भिंतीवर यादी लागते आणि मूल आपले नाव तीन-तीनदा शोधते. त्या दिवसाची तयारी चाचणीच्या आधी व्हायला हवी. फुटबॉलवर पोट भरणारे खेळाडू फार थोडे असतात, हे मुलाला खरे सांगावे, पण स्वप्न मोडण्याच्या सुरात नव्हे. “तू मनापासून खेळ. अभ्यासही चालू ठेव. खेळ सुटला तरी तू आमचा आहेसच,” असे सांगावे. ज्याची सारी ओळख एका यादीवर टांगलेली असते त्याचे त्या यादीबरोबर सारेच जाते. ज्याला घर आहे, पुस्तके आहेत, मित्र आहेत, त्याला पडून पुन्हा उठायला जागा असते.

यादीत नाव नसलेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांना जाऊन एवढेच विचारावे, “सर, मी कशात सुधारणा करू?” हा प्रश्न विचारायला पोटात गोळा येतो. पण तो विचारून, मिळालेले उत्तर वहीत लिहून, दुपारी बूट बांधून पुन्हा मैदानात गेलेल्या मुलाने त्या दिवशीचा मोठा सामना जिंकलेला असतो. त्या दिवशी घरात त्याच्या आवडीचे काही तरी शिजवावे.